दोन टायर हो, दोन टायर नाही

सत्यजित घारपुरेचं पोट सायलेन्सरवर चालत होतं. अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हाय गावी एका कंपनीत तो गाड्यांच्या मागच्या नळकांड्याचा आवाज कसा कमी होईल याचा अभ्यास करायचा, आणि गेली कित्येक वर्षं हे काम त्यानं इमानेइतबारे केलं होतं. अशा माणसानं सायलेन्सरच नसलेली गाडी विकत घ्यावी, हे त्याच्या ऑफिसात कुणालाच रुचलं नाही. त्याच्या मॅनेजरनं तर पार्किंग लॉटमध्ये त्या गाडीच्या मागे वाकून बराच वेळ नळकांडं शोधलं, आणि ते सापडलं नाही तेव्हा तो आत निघून गेला.

गाडी अ‍ॅन आर्बरच्या एका निवृत्त प्राध्यापकानं आपल्या गॅरेजात बनवलेली होती. मुळात ती एक साधी छोटी हॅचबॅक. प्राध्यापकानं तिचं इंजिन काढून तिथं विजेची मोटर बसवली, आणि मागच्या डिकीत शिशाच्या बॅटऱ्या इतक्या ठासून भरल्या की नंतर तिथं कोथिंबिरीची जुडीही मावली नसती. रंग पोपटी. प्राध्यापक फ्लोरिडाला राहायला निघाले होते म्हणून गाडी विकायला काढली होती. सत्यजित सहज बघायला म्हणून गेला, एक चक्कर मारली, आणि गाडी जराही आवाज न करता निघाली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या शांततेसाठी तो एवढी वर्षं लॅबमध्ये झिजला होता, ती एका म्हाताऱ्यानं इंजिन उचलून बाजूला ठेवून मिळवली होती.

त्याची बायको विनीता नागपूरची. तिला गाडीचा रंग आवडला नाही, पण नवऱ्याला जुगार, दारू किंवा गोल्फ यांपैकी काही लागण्यापेक्षा हे बरं, असा विचार करून ती गप्प बसली. तिची स्वतःची मिनीव्हॅन होतीच. उन्हाळाभर सत्यजित पोपटी गाडीतून ऑफिसला गेला, संध्याकाळी गॅरेजात तिला वायर लावली, आणि पेट्रोलचे भाव वाढल्याची बातमी टीव्हीवर लागली की आवाज मोठा करून ऐकली. २००७ सालचा तो उन्हाळा त्याच्या आयुष्यातला फार सुखाचा काळ होता.

मग नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला.

पहिल्याच सकाळी गाडी ड्राइव्हवेवरून खाली आली आणि थांबायचं सोडून तशीच पुढे गेली. वेग काही फार नव्हता. शेजारच्या डेलला वाटलं, सत्यजित आपल्याला भेटायला येतोय, म्हणून त्यानं हातही हलवला. गाडीनं डेलची टपालपेटी अगदी हळुवारपणे आडवी केली आणि तिथंच विसावली. डेल भला माणूस होता, तो नुसता हसला. पण त्यांच्या वसाहतीची जी घरमालकांची समिती होती ती हसली नाही. सगळ्यांच्या टपालपेट्या एकाच तपकिरी रंगाच्या असाव्यात असा नियम होता आणि तो नेमका तपकिरी रंग बनवणारी कंपनी बुडालेली होती. त्यामुळे सत्यजितनं नवी पेटी आणली की समितीच्या बाई येऊन ती उन्हात बघायच्या, सावलीत बघायच्या, आणि नाकारायच्या. तिसरी पेटी पास झाली, आणि ती सुद्धा ढगाळ दिवशी.

या प्रकरणात विनीताचा संयम संपला. स्नो टायर टाक नाहीतर गाडी विक, असं तिनं स्पष्ट सांगितलं.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण इथंच तर खरी मेख होती. स्नो टायर मऊ असतात, रस्त्याला चिकटून चालतात, त्यामुळे बॅटरी लवकर उतरते. त्यात थंडीनं बॅटऱ्या आधीच अर्धमेल्या झालेल्या. म्हणजे टायर घातले तर गाडी घसरणार नव्हती पण वाटेत बंद पडण्याचा संभव होता, आणि नाही घातले तर ती अंतर कापणार होती पण कुणाच्या टपालपेटीपर्यंत ते सांगता येत नव्हतं. सत्यजितनं रात्री जेवताना हे विनीताला चमच्यांच्या मदतीनं समजावून सांगितलं. तिनं चमचे उचलून सिंकमध्ये टाकले.

तेव्हा सत्यजितनं ती चूक केली जी नोव्हायमधला मराठी माणूसच करू शकतो. त्यानं हा प्रश्न महाराष्ट्र मंडळात काढला.

नोव्हायच्या मंडळात जो तो गाडीच्या एकेका भागावर उपजीविका करत होता. कुणी वायपर बघायचं, कुणी सीटखालची स्प्रिंग, कुणी दरवाजा लावताना येणारा आवाज. सगळे मिळून बसले तर एक अख्खी गाडी तयार झाली असती, फक्त ती सुरू कुणी करायची यावर वाद झाला असता. प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा अशा पॉटलकच्या रांगेत सत्यजितनं विषय काढायचा अवकाश, मागची रांग पुढे यायची थांबली. ब्रेकवाला प्रथमेश म्हणाला की चारही टायर बदल, यात डिस्कशन कसलं. हेडलाइटवाले मोहनकाका उकिडवे मंडळाचे अध्यक्ष होते आणि मिशिगनमध्ये तीस हिवाळे काढल्याचा त्यांना अभिमान होता. ते म्हणाले की ऑल सीझन टायर आहेत ना, मग हिवाळा हा सीझनच आहे. वायपरवाल्याचं मत पडलं की टायरपेक्षा नीट दिसणं महत्त्वाचं. हां हां म्हणता तट पडले, आणि त्या दिवशी मटकीची उसळ कुणी घेतली आणि कुणाला मिळालीच नाही याचा पत्ता लागला नाही.

मंडळाची एक रीत होती. कुठल्याही वादात कुणाचं मन दुखवायचं नाही, म्हणून सगळं अर्धं अर्धं करायचं. गणपतीच्या जेवणात अर्धी भाजी नागपूरकरांसाठी तिखट आणि अर्धी पुणेकरांसाठी गूळ घालून. नाटकाचा पहिला अंक तरुणांनी बसवायचा आणि दुसरा ज्येष्ठांनी, मग त्यांतली पात्रं एकमेकांना ओळखेनात का. या रीतीवर मंडळ इतकी वर्षं न फुटता टिकलं होतं, आणि मोहनकाकांना तिचा सार्थ अभिमान होता. डिसेंबरच्या बैठकीत हिशेब, हॉलचं बुकिंग वगैरे झाल्यावर त्यांनी सत्यजितच्या टायरांचा विषय स्वतःहून घेतला. मतदान झालं. मतं समसमान पडली.

"मग प्रश्नच मिटला," मोहनकाका म्हणाले. "दोन टायर स्नोचे टाक, दोन राहू देत. म्हणजे पकडही मिळेल आणि बॅटरीही वाचेल. कुणाचंच नुकसान नाही."

टाळ्या पडल्या. आश्चर्य म्हणजे, ज्यांच्या डोक्यात अशा वेळी आकडेमोड सुरू व्हायला हवी असे निदान वीस इंजिनिअर त्या खोलीत होते, आणि एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. सत्यजितलासुद्धा नाही. मंडळात शिरताना माणूस बूट दाराशी काढतो, तसं आपलं शिक्षणही तिथंच काढून ठेवत असावा.

टायर घ्यायला तो दुकानात गेला. काउंटरवरच्या माणसाच्या कॉम्प्युटरला गाडीची सगळी माहिती हवी होती. इंजिनला सिलिंडर किती, असं त्यानं विचारलं. सत्यजित म्हणाला, शून्य. कॉम्प्युटर शून्य घेईना. त्या माणसानं मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं गाडीचं बॉनेट उघडून बघितलं, आणि सिलिंडर चार आहेत असं लिहून टाकलं. त्यावर कॉम्प्युटरनं लगेच कळवलं की या गाडीचं ऑइल बदलायला झालंय. या गाडीत ऑइलच नाही हे सत्यजितनं सांगितलं तेव्हा काउंटरवरचा माणूस घाबरला. ऑइल नसताना गाडी दुकानाबाहेर नेऊ देणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. शेवटी ऑइल बदलायला मालकाचा नकार आहे आणि होणाऱ्या परिणामांना तोच जबाबदार आहे, अशा कागदावर सही करून सत्यजित पुढच्या चाकांना दोन नवे टायर लावून बाहेर पडला.

डेलला हे कळल्यावर तो गॅरेजातून वाळूच्या दोन पिशव्या घेऊन आला. त्याच्या ट्रकमध्ये तो हिवाळाभर मागे वाळू ठेवायचा आणि कधी घसरला नव्हता. ट्रकला मागची चाकं ढकलतात आणि आपल्या गाडीला पुढची चाकं ओढतात, हा फरक सत्यजितच्या लक्षात आला होता. पण ज्या माणसाची टपालपेटी आपण पाडली त्याची वाळू नाकारणं त्याला प्रशस्त वाटेना. डिकीत जागा नव्हतीच, म्हणून मागच्या सीटच्या पायाशी त्यानं त्या दोन पिशव्या कोंबल्या. गाडीचं नाक आणखी थोडं वर आलं.

गंमत अशी की पुढचे काही आठवडे सगळं छान चाललं. मिशिगनचा तो भाग थाळीसारखा सपाट, रस्त्यावर मीठ टाकलेलं, आणि सत्यजित आजारी माणसाला न्यावं तशी गाडी चालवत होता. ठराव यशस्वी झाल्याचं मोहनकाकांनी ईमेलनं सगळ्यांना कळवलंही. विनीताचा मात्र विश्वास बसलेला नव्हता. फार्मिंग्टन हिल्सच्या एका शाळेत होणाऱ्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची ती यंदा प्रमुख होती. वाण काय द्यायचं यावर तिनं महिनाभर विचार करून गाडीच्या काचेवरचा बर्फ काढायची खरवडणी निवडली होती. इथल्या बायकांना रोज सकाळी लागणारी वस्तू म्हणजे तीच, आणि डब्यांचे डबे माळ्यावर साठवण्यापेक्षा ते बरं, असं तिचं म्हणणं होतं. खरवडण्यांचे दोन मोठे खोके घरात आले होते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मिनीव्हॅन मंडळाची भांडी आणि तिळाच्या वड्यांचे डबे न्यायला प्रथमेशकडे गेली. विनीतानं पोपटी गाडीकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे.

"हे बघ सत्या," ती म्हणाली, "उद्या मी या गाडीतून येणार. वाटेत कुणाला फोन न करता आणि कुणाचा हात न लागता तिनं मला शाळेच्या दारात सोडलं, तर ती राहील. नाहीतर फेब्रुवारीत विकायची, आणि मग तू तोंड पाडून बसायचं नाही."

सत्यजितनं होकार दिला. त्या रात्री त्यानं बॅटऱ्यांवर घरातली जुनी रजई पांघरली.

सकाळी उठून बघतो तर बाहेर रात्रभर पडलेला बर्फ. रस्ते साफ झाले होते, पण त्यावर गारठा बसून काच तयार झालेली. हीटर लावला तर बॅटरी खाणार, म्हणून हीटर बंद. विनीता काळी चंद्रकळा, त्यावर पायापर्यंत येणारा कोट, डोक्याला लोकरीची टोपी आणि टोपीखाली हलव्याचे दागिने अशा थाटात पुढे बसली. एक खोका तिच्या मांडीवर, दुसरा मागे त्यांची सात वर्षांची लेक सावनी बसली होती तिच्या शेजारी. सावनीला सोलापुरी चादरीत गुंडाळलं होतं आणि तिचे फक्त डोळे दिसत होते. तोंडाच्या वाफेनं काच आतून धुरकट होत होती, ती विनीता वाणातली एक खरवडणी काढून आतल्या बाजूनं खरवडत होती. पण खरं सांगायचं तर सत्यजितला त्या गारठ्यातही बरं वाटत होतं, कारण गाडी चालत होती, आणि गाडीतली सगळी माणसं त्याची होती.

फार्मिंग्टन हिल्सच्या शाळेपर्यंत काही झालं नाही. बॅटरीचा काटा लाल रेघेला टेकला होता एवढंच. मात्र साऱ्या सपाट मुलखात चढावर बांधलेली शाळा मंडळानं शोधून काढली होती. फाटकापासून दारापर्यंत बेताचाच चढ, एरवी लक्षातही न येणारा. वर दाराशी छपराखाली मोहनकाका, प्रथमेश आणि काळ्या साड्यांवर कोट घातलेल्या दहाबारा बायका उभ्या होत्या. वाणाशिवाय हळदीकुंकू सुरू होणार नव्हतं, म्हणून सगळ्यांचे डोळे फाटकाकडे लागलेले. पोपटी गाडी आत शिरताच कुणीतरी हात वर केला.

गाडी अर्धा चढ चढली. मग तिचं नाक उचललं गेलं आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागली. पेट्रोलची गाडी अशा वेळी निदान घुरघुरते, लोकांना कळतं की बिचारी प्रयत्न करतेय. ही गाडी निमूटपणे चाकं फिरवत राहिली आणि वरच्या मंडळींना वाटलं, सत्यजित मुद्दाम थांबलाय. प्रथमेशनं तर खुणेनं विचारलंही, का थांबलास.

त्याला उत्तर द्यायची वेळ आली नाही. गाडी हळूच मागे सरकली आणि सत्यजितनं घाईनं स्टिअरिंग वळवलं. पुढच्या नव्या टायरांनी जमीन धरली, मागच्या जुन्यांनी धरली नाही, आणि बॅटऱ्या, दोन पिशव्या वाळू असा सगळा मागचा बोजा डौलात बाजूनं फिरत गाडीसकट खाली घसरला. एक संपूर्ण अर्धवर्तुळ काढून गाडी उताराच्या पायथ्याशी थांबली. आता तिचं तोंड फाटकाकडे होतं आणि पाठ शाळेकडे.

वर एकच धावपळ उडाली. प्रथमेश बाह्या सरसावून घसरत खाली येऊ लागला, त्याच्यामागे वायपरवाला, आणि दोन्ही हात पसरून तोल सांभाळत मोहनकाका. ढकला, ढकला, असं कुणी ओरडलं. तेवढ्यात विनीतानं काच खाली केली.

"कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "प्रथमेश, तिथंच थांब."

प्रथमेश दोन्ही हात वर करून उभा राहिला. सत्यजितच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे हिला गाडी जायलाच हवी आहे. चिकटून बसलेली सगळी आशा त्यानं सोडली. काटा लाल रेघेखाली, समोर फाटक, आणि फाटकातून आत येणाऱ्या उशिरा निघालेल्या मंडळींच्या चार गाड्या. निदान त्यांना वाट तरी करून द्यावी, एवढ्याच विचारानं त्यानं रिव्हर्स गिअर टाकला आणि गाडी थोडी मागे घेतली.

गाडी मागे आली. आणखी थोडी घेतली, आणखी आली. चाकं घसरेनात. सत्यजितला काही उमगेना, त्याचा पाय आहे तिथंच राहिला.

"बाबा, इट्स वर्किंग," चादरीतून आवाज आला. "डोन्ट स्टॉप. जस्ट डोन्ट स्टॉप."

आणि पोपटी गाडी आवाज न करता, पाठमोरी, चढ चढू लागली. मान वळवून सत्यजित मागचा रस्ता बघत होता. विनीताचं तोंड मात्र खाली फाटकाकडे होतं. तिथं चार गाड्यांतली मंडळी आ वासून तिच्याकडे बघत होती आणि ती त्यांच्यापासून हळूहळू वर वर जात होती. काय करावं ते न सुचून तिनं खोक्यावरून हात जोडून नमस्कार केला. खालच्या चारही गाड्यांतून नमस्कार परत आले. प्रथमेश अजून हात वर करूनच उभा होता, त्याच्या शेजारून गाडी गेली. छपराखालच्या बायका बाजूला झाल्या, आणि गाडीची डिकी शाळेच्या दाराला टेकायला वीतभर अंतर असताना सत्यजितनं ब्रेक दाबला. काटा शून्यावर होता.

मग साहजिकच सगळ्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. पुढची चाकं ओढणारी गाडी उलटी चढवली की वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं, हे बेसिक आहे यार, असं वायपरवाला म्हणाला. प्रथमेशला ते कॉलेजपासून माहीत होतं. आपण हे सुचवणारच होतो, पण बैठकीत विषय निघाला नाही, असं कुणी म्हणालं. मागच्या चाकांना पकड नसल्यामुळे गाडी फिरली, आणि फिरली म्हणूनच चढली, तेव्हा याचं श्रेय दोन टायरांच्या ठरावाला जातं, हा मुद्दा मोहनकाका छपराखाली पोचता पोचता मांडत होते. तिकडे सत्यजित गाडीच्या टपावर हात ठेवून उभा होता. अट त्याला पाठ होती, पण ती पुरी झाली की नाही हे विचारायचा त्याला धीर होईना.

मोहनकाकांना अटीची कुणकुण होतीच. नोव्हायमध्ये कुणाच्या घरातली कुठलीही गोष्ट दुसऱ्या दिवसापर्यंत राहत नसे. ते घसा खाकरून म्हणाले की याला सरळ सरळ पोचणं म्हणता येणार नाही. गाडी आली खरी, पण पाठमोरी आली. तेव्हा कुणाचंच मन न दुखवता अट अर्धी पुरी झाली असं धरावं, आणि गाडी उन्हाळ्यात ठेवून हिवाळ्यात विकावी.

विनीतानं डोक्यावरची टोपी काढली. हलव्याची बिंदी जाग्यावर आहे ना ते चाचपलं, आणि खोका मोहनकाकांच्या हातात दिला.

"काका, अट माझी होती," ती म्हणाली. "कुणाचा हात लागला नाही आणि मी दारात उभी आहे. तोंड कुठं होतं ते मी अटीत घातलंच नव्हतं." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि सत्या, सोमवारी जाऊन मागचे दोन टायर टाक. बॅटरी लवकर उतरली तर उतरू दे, मी आणखी एक चादर घेईन. आपल्या घरची आहे ती. सावनीला आपण कधी एका पायात बूट घालून शाळेत पाठवलंय का?"

एवढं बोलून ती आत गेली, आणि तिच्यामागे सगळ्या बायका. सावनी चादरीसकट गेली. पुरुष बाहेर टायर कुठल्या मेकचे घ्यावेत यावर बोलू लागले, त्यात पुन्हा दोन तट पडले, आणि मोहनकाका खोका सावरत मध्ये पडले.

सत्यजितला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते. प्रथमेशनं काय झालं म्हणून विचारलं तेव्हा त्यानं तिळाच्या वडीचा ठसका लागल्याचं सांगितलं. वड्यांचे डबे अजून मिनीव्हॅनमधून उतरायचे होते.